शेवटची सायकल

तळ्यांच्या मुलखातून लोकांना आठवडाभर सायकलवर हिंडवून आणायचं, हा ताईंचा धंदा होता. एका तळ्याकडून दुसऱ्या तळ्याकडे मातीचे रस्ते जात. मधे गुरांची कुरणं, लव्हाळ्यांची बेटं, लाकडी पूल, आणि संध्याकाळी कुठल्या तरी गावच्या खाणावळीत मुक्काम. बॅगा गाडीतून पुढे जायच्या, माणसं सायकलवरून मागून यायची. प्रत्येक गटाबरोबर ताईंची दोन माणसं असत. एक सगळ्यांच्या पुढे, रस्ता दाखवायला. आणि एक सगळ्यांच्या मागे, कोणी राहून जाऊ नये म्हणून.

पुढच्याला सगळे पुढारी म्हणत. तरणाबांड, तोंडाचा गोड, चढावरसुद्धा गाणी म्हणणारा. मागचा होता तो ताईंचा मावसभाऊ. पन्नाशी ओलांडलेला, उंच, खांद्यात जरा वाकलेला. त्याला कोणी काही खास नाव ठेवलं नाही. लोक 'मागचे काका' म्हणायचे, तेच चिकटलं.

मागे राहण्याचं काम ऐकायला सोपं वाटतं. चेन उतरली तर चढवायची, पंक्चर झालं तर काढायचं, वाटेत गळालेल्या टोप्या, हातमोजे, पाण्याच्या बाटल्या गोळा करायच्या. पण खरं काम एकच, आपल्या मागे कोणी उरता कामा नये. कोणी फोटो काढायला थांबलं की काका थांबत. कोणी झुडपामागे गेलं की काका तळ्याकडे तोंड करून उभे राहत. ते चढाच्या माथ्यावर पोचेपर्यंत बाकीच्यांचं पाणी पिऊन, हसून, गटाचा फोटो काढून झालेलं असे. ताईंच्या ऑफिसात भिंतभर असे फोटो होते आणि एकातही काका नव्हते. कोणी ते मुद्दाम केलं नव्हतं. काका माथ्यावर दिसले की लोक ओरडत, "आले काका! चला, निघू या." म्हणजे सगळ्यांची विश्रांती संपायची ती यांच्या येण्यानं. यांची सुरूच व्हायची नाही.

या नोकरीआधी काका लाकूड कापायच्या गिरणीत होते. करवतीशेजारी उभं राहून राहून डावा कान जवळजवळ गेला. घरी वडील अंथरुणाला खिळलेले. आई आधीच गेलेली. धाकट्या भावाचं लग्न झालं, तो शहरात बिऱ्हाड करून राहिला. थोरल्याचं आज करू, उद्या करू म्हणताना राहूनच गेलं. मुलगी बघायला जायचं तर वडिलांजवळ कोण थांबणार, इथपासून सुरुवात. वडील गेले तोवर बोलणी घेऊन येणारी माणसंही थकली होती. मग गिरणी बंद पडली. घर दोघा भावांचं, ते विकलं गेलं. तेव्हा ताई म्हणाल्या, "अरे, तुला सायकल येते. तुला कसली घाई नसते. तोंडही फार उघडत नाहीस. मागे राहशील का?"

"राहीन," ते म्हणाले. एवढ्या बोलण्यावर नोकरी लागली.

सायकलींच्या शेडला लागून एक खोली होती, ती त्यांना राहायला मिळाली. एक पलंग, एक शेगडी, भिंतीला खुंट्या, आणि रबराचा आणि ग्रीसचा वास. थंडीत पर्यटक नसत. तेव्हा काका एकेक सायकल उलटी करून तेलपाणी करत. सुट्टीच्या दिवशी बसने भावाकडे जात. भावजय चहा करी, तब्येत विचारी, "भावोजी, अजून एक पोळी घ्या," म्हणे. भाऊ टीव्हीसमोर बसून हवेबद्दल बोले. सगळं नीट होतं. कोणी वाईट नव्हतं. पण चहाचा कप रिकामा झाला की आता काय, असं तिघांच्याही तोंडावर येई. मग काका टोपी घेत. "बसा की अजून," भाऊ उठत उठत म्हणे.

असे बरेच हंगाम गेले.

मग एका वर्षी त्या बाई आल्या. मैत्रिणीबरोबर यायच्या होत्या, मैत्रिणीनं आयत्या वेळी अंग काढून घेतलं, म्हणून एकट्याच. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. अंगानं जाड, गुडघे कुरकुरणारे, डोक्यावर मोठी लाल टोपी. पहिल्याच सकाळी, गाव ओलांडायच्या आत, त्या सगळ्यांच्या मागे पडल्या. म्हणजे काकांच्या पुढ्यात आल्या.

"तुम्ही व्हा पुढे," त्या धापा टाकत म्हणाल्या. "मी येते आपली हळूहळू."

"मला पुढे जाता येत नाही."

"का? गुडघे?"

"नाही. नोकरी."

बाईंना हसू आलं आणि हसण्यात हँडल वाकडं झालं. काकांनी सीट धरून सावरलं. "म्हणजे मी हळू चालवते याचे तुम्हाला पैसे मिळतात म्हणायचं. मग कशाला जीव काढतेय मी?" असं म्हणून त्यांनी खरोखरच वेग आणखी कमी केला.

दुपारच्या जेवणापर्यंत पुढाऱ्यानं त्यांना 'हळूबाई' करून टाकलं होतं. त्यांनी ते आनंदानं घेतलं.

हळूबाई बोलक्या होत्या. जन्मभर डोळा सूक्ष्मदर्शकाला लावून, तोंड मिटून काम केलेलं. आता तो बॅकलॉग भरून काढतेय, असं त्याच म्हणायच्या. लोकांचं रक्त पाहिलं, माणसं पाहिली नाहीत. "आमच्याकडे सगळे नळीतून यायचे, बिनचेहऱ्याचे," त्या म्हणाल्या. काका म्हणाले, "माझ्याकडे पाठीकडून येतात." बोलून गेले आणि स्वतःच चपापले. दिवसाकाठी 'सांभाळून' आणि 'डावीकडे वळा' यापलीकडे बोलायची त्यांना सवय नव्हती.

थोड्या वेळानं बाईंच्या लक्षात आलं, आपण विचारतोय ते यांना अर्धंच पोचतंय. "कान?" त्यांनी खूण करून विचारलं.

"डावा. करवतीनं नेला."

बाई मागून वळसा घालून उजव्या बाजूला आल्या. त्यानंतर आठवडाभर त्या उजवीकडेच राहिल्या. रस्ता अरुंद असला आणि उजवीकडची लव्हाळी पायाला ओरबाडत असली तरीही.

चौथ्या दिवशी मोठ्या तळ्याच्या बांधावरून जायचं होतं. बांध सरळसोट, आडोसा कुठेच नाही आणि वारा समोरून. बाकीचे पुढाऱ्यामागे ओळीत डोकी खाली घालून निघून गेले. हळूबाई मध्यावर उतरल्या, सायकल गवतात आडवी टाकली आणि खाली बसल्या.

"झालं माझं," त्या म्हणाल्या. "गाडी बोलवा. माझ्यासारखीनं यायलाच नको होतं. हात दाखवून अवलक्षण."

असं कोणी म्हणालं की गाडीला फोन करायचा, ताईंचा नियमच होता. काकांनी फोन खिशातून काढला आणि पुन्हा खिशात घातला. तेही शेजारी गवतात बसले. का, ते त्यांना त्या वेळी सांगता आलं नसतं. वारा इतका होता की बोलायला जवळच बसावं लागे.

आणि मग ते बोलले. वडिलांच्या खोलीची खिडकी शेजारच्या गोदामाच्या भिंतीवर उघडायची. खाटेवरून दिसायची ती वीट आणि विटेवरचं शेवाळ. "गिरणी सुटली की मी सायकल काढून तळ्यावर जायचो. घरी आलो की अण्णा विचारायचे, आज काय होतं पाण्यावर? मग सांगायचं. पण तेच तेच चालायचं नाही. म्हणायचे, हे कालचंच आहे, तू बघितलंच नाहीस. आळशी कुठला."

"मग?"

"मग बघायला लागलो. काहीतरी नवं सापडेपर्यंत निघायचंच नाही. अंधार पडायचा कधीकधी." ते थांबले. "ते गेल्यावर काही दिवसांनी सवयीनं तसाच तळ्यावर गेलो. बदकाची पिल्लं निघाली होती, आईच्या पाठीवर चढून बसत होती. म्हटलं, आज काही चिडायचे नाहीत. झपाझप घरी आलो. तर भावानं खाट उचलून ठेवली होती."

हळूबाईंनी टोपी दोन्ही हातांनी धरली होती.

"मी तर वाऱ्यानं डोळे मिटूनच आलेय इथवर," त्या शेवटी म्हणाल्या. "सांगा बघू. काय आहे पाण्यावर?"

काकांनी सांगितलं. लाटा एकीकडून येतायत, पण बेटाच्या कडेला एक पट्टा अगदी गुळगुळीत आहे, तिथे पाणकावळा पंख वाळवत बसलाय. पण या वाऱ्यात त्याचे पंखच त्याला ढकलतायत आणि तो दर खेपेला पाऊलभर मागे सरकतोय. बाईंनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. पाणकावळा सरकला. बाई मोठ्यानं हसल्या, काकाही हसले, आणि मग दोघं उठून सायकली हातात धरून बांधभर चालत गेले. पलीकडे सगळे कंटाळून बसले होते. "आले काका! चला!" कोणीतरी ओरडलं. काकांना पहिल्यांदाच वाटलं, आपल्याला कुठेच पोचायची गरज नव्हती.

शेवटच्या दिवशी बसपाशी बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी येते हं मी." काका म्हणाले, "या." बस गेली. या म्हणजे काय, कोणीही म्हणतं या, असं त्यांना शेडपर्यंत जाताना वाटत राहिलं.

पण ते वर्ष वेगळं गेलं. कारण त्यांच्याकडे सांगायचं साठू लागलं. पुढच्या गटाबरोबर फिरताना ते बघत आणि मनात ठेवत. एका खाणावळीच्या मालकानं दोन्ही मुलींची लग्नं झाल्यावर त्यांच्या झोक्यावर स्वतः बसायला सुरुवात केली होती. एका पुलाखाली पाणमांजर दिसलं होतं, पाठीवर झोपून मासा खाणारं, अगदी भाऊ टीव्हीसमोर खातो तसं. हे सगळं कोणाला तरी सांगण्यासारखं होतं, आणि तो 'कोणीतरी' आता ठरलेला होता. थंडीत सायकली पुसताना ते ही वाक्यं मनात घोळवत. भावाकडे गेले तर भावजयीनं पाहिलं, भावोजींनी नवा निळा शर्ट घातलाय आणि केसही नीट कापून आलेत.

"भावोजी, काय विशेष?"

"काही नाही. शर्ट जुना झाला होता."

"तो तर दहा वर्षांपूर्वीच जुना झाला होता," भावजय म्हणाली. भाऊ टीव्हीवरून मान वळवून बघू लागला. काकांचे कान लाल झाले.

हंगाम सुरू झाला आणि ताईंनी शेडमध्ये येऊन सांगितलं, "तुझी ती हळूबाई येतेय रे परत. या वेळीही एकटीच."

त्या दिवशी काका बस यायच्या बऱ्याच आधी थांब्यावर जाऊन उभे राहिले. बसमधून माणसं उतरली. लाल टोपी कुठे दिसेना. मग एक सडपातळ, उन्हानं रापलेल्या बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर सायकलवाल्यांचं हेल्मेट, पायात सायकलिंगचे कडक तळाचे बूट.

"ओळखलंत का नाही?"

ओळखलं ते आवाजावरून. "अहो, किती..." काका म्हणाले.

"वर्षभर घाम गाळलाय!" बाई म्हणाल्या. "सायकल घेतली. रोज पहाटे तलावाभोवती फेऱ्या. मग एक मंडळ सापडलं, सगळी माझ्याच वयाची, पण पक्की चिवट. गुडघ्यांची कुरकुर पळालीच. आता बघाच तुम्ही."

आणि त्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाव ओलांडायच्या आत बाई पुढाऱ्याच्या बरोबरीनं होत्या. पहिल्या चढावर त्या खाली न उतरता, सीटवरून उठून चढल्या. काकांना दिसली ती त्यांची पाठ. वळणावर एकदा, मग लांब झाडांमधून एकदा, मग नाहीच. मागे त्यांच्याबरोबर एक पक्षीवाले गृहस्थ होते. ते दर थोड्या वेळानं दुर्बीण डोळ्याला लावत आणि "शू:" म्हणत. त्यांच्याशी बोलायची सोयच नव्हती.

दुपारी काका पोचले तेव्हा सगळ्यांचं खाऊन झालं होतं. बाई धावत आल्या. "काका, बघितलंत ना? उतरले नाही!"

"बघितलं. छान चालवता."

"मागच्या वर्षी काय छळलं मी तुम्हाला! बांधावर तर लहान मुलासारखी फतकल मारून बसले. वर्षभर मनाला लागून राहिलं होतं. ठरवलं, पुन्हा जाईन ते या माणसाला माझ्यासाठी थांबायला लागणार नाही, अशी होऊनच जाईन."

काकांच्या हातात पावाचा तुकडा होता. ते त्याच्याकडे बघत राहिले. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, अहो बाई, काय करून बसलात हे. पण समोर इतका आनंदी चेहरा होता. "चांगलं केलंत," ते म्हणाले. "तब्येतीलाही बरं." तेवढ्यात पुढाऱ्यानं शिट्टी वाजवली आणि बाई हेल्मेट बांधत पळाल्या.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खाणावळीच्या अंगणात सायकली लावताना काकांनी धीर केला. आयुष्यात त्यांनी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. सुट्टीसुद्धा ताईच आठवणीनं देत.

"उद्या सकाळी जरा माझ्याबरोबर चालवाल का? मागून?"

"अय्या, हो की!" बाई लगेच म्हणाल्या. "मलाही बोलायचंच आहे तुमच्याशी. फुरसत कुठे मिळते."

सकाळी त्या मागे थांबल्या. पक्षीवाल्या गृहस्थांना पुढे घालून दोघं निघाली. बाई मंडळाबद्दल सांगत होत्या, गिअर कधी बदलावा, चढावर श्वास कसा धरावा. काका ऐकत होते. पण पाय ही चीज मनाचं ऐकत नाही. बोलता बोलता बाईंची सायकल हातभर पुढे जाई, मग ब्रेक, मग पुन्हा पुढे. इतकं हळू चालवायची त्यांना सवयच उरली नव्हती. तोल जाई, पाय टेकवावा लागे. एकदा त्या पुढे जाऊन वळून परत आल्या आणि घाईत डाव्या बाजूला लागल्या.

काकांनी झोक्यावर बसणाऱ्या बापाची गोष्ट काढली. "तो खाणावळवाला आठवतो का, ज्याच्या मुली..."

"काय?" बाई तोवर सायकलभर पुढे गेल्या होत्या.

"खाणावळवाला!"

"हो हो, काय त्याचं?"

"मुलींची लग्नं झाली!"

"अरे वा! छान!" बाई पुढून ओरडल्या.

ती गोष्ट ओरडून सांगायची नव्हतीच. हळू सांगायची होती, शेजारून, मधे थांबत. काकांनी ती तिथेच सोडून दिली. पाणमांजराची तर काढलीच नाही. पुढच्या वळणावर बाई ब्रेक लावून वाट बघत उभ्या होत्या, एक पाय जमिनीवर, दुसरा पॅडलवर, लगाम खेचलेल्या घोड्यासारख्या.

"तुम्ही जा पुढे," काका म्हणाले. "इथून पुढचा चढ चांगला आहे. तुम्हाला मजा येईल."

"रागावलात?"

"नाही हो. खरंच जा."

बाई क्षणभर थांबल्या. मग गेल्या. चढावर त्या फार सुंदर चालवत होत्या, हे काकांनाही दिसलं. वर्षभराची मेहनत होती ती. ती वाया जाऊ नये असंच त्यांना वाटलं आणि तरीही त्या वळून बघतायत का, हे ते बघत राहिले.

शेवटच्या संध्याकाळी जेवणाआधी काका तळ्याच्या लाकडी धक्क्यावर बसून हात धूत होते. बाई आल्या आणि उजव्या बाजूला बसल्या.

"मला जरा उशिरानं कळतं," त्या म्हणाल्या. "सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं असतं तर लगेच दिसलं असतं."

"काय?"

"तुम्हाला मागच्या वर्षी त्रास होत नव्हता."

काकांनी हात शर्टाला पुसले. निळ्याच. "नव्हता."

"मग सांगायचं ना."

"विचारलं कुठे तुम्ही?"

बाईंना हसू आलं, पण ते पुरतं आलं नाही. समोर कोणीतरी पोहत होतं, त्याचा आवाज पाण्यावरून येत होता. "पुढच्या वर्षी मंडळाबरोबर डोंगरात जायचं ठरलंय," त्या म्हणाल्या. "पैसेसुद्धा भरून झाले. नाहीतर मी..."

"डोंगर चांगले," काका म्हणाले. "जाऊन या."

"तुम्ही या ना एकदा आमच्याकडे. शहरात. बसनं काही लांब नाही."

"येईन की."

दोघांनाही माहीत होतं, ते येणार नाहीत. भावाकडच्यासारखाच एक चहा होईल आणि मग टोपी घ्यावी लागेल. जेवणाची हाक आली तेव्हा बाई उठल्या आणि उठताना त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवून आधार घेतला. गुडघे आता ठणठणीत होते, आधाराची काही गरज नव्हती. काका तसेच बसून राहिले. मग तेही जेवायला गेले.

त्यानंतर बाई आल्या नाहीत. एकदा ताईंच्या फोनवर डोंगरातला फोटो आला, मंडळाच्या मधोमध त्या, हात वर केलेल्या. ताईंनी दाखवला. काका म्हणाले, "बरी दिसतायत." थंडीत ते सायकली पुसत राहिले. सांगायचं साठणं मात्र थांबलं नाही, एकदा लागलेली खोड ती. कुठे ठेवायचं ते कळत नव्हतं, एवढंच.

पुढाऱ्यानं नोकरी सोडली तेव्हा ताईंनी काकांना पुढची जागा देऊ केली. त्यांनी एक गट नेऊन पाहिला. पण दर वळणावर मान मागे जाई, लोक येऊन धडकत. पुन्हा मागेच आले.

एक गोष्ट मात्र ते नव्यानं करू लागले. गटातलं कोणी मागे पडलं, घामानं निथळत म्हणालं, "माफ करा हो काका, माझ्यामुळे तुम्हाला रखडावं लागतंय," की पूर्वी ते नुसती मान हलवत. आता ते स्पष्ट सांगतात, "रखडलो नाही. तुम्ही हळू आहात तेच मला बरं वाटतं. बोला काहीतरी."

लोकांना वाटतं, काका धीर देतायत. लोक कसनुसं हसतात, "तुम्ही फार चांगले आहात," म्हणतात, आणि दात-ओठ खाऊन पॅडल जोरात मारू लागतात.